आकारावर आकार



डोळ्यांसमोर एक उंच खांब आणा.
सीडरच्या अख्ख्या बुंध्यातून कोरलेला.
खाली अस्वल… त्यावर डोमकावळा… वर गरुड.

कॅनडा आणि अलास्काच्या किनाऱ्यावरच्या हैदा, त्लिंगित लोकांचे हे टोटेम खांब.
त्यांवर असतात कुळाची चिन्हं.
म्हणजे खांब पाहिला, की घराणं कळतं.

आता १९५५ साल.
ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांना मिलानमधल्या एका इमारतीसाठी शिल्प करायचं होतं.
इमारत आडवी, पसरट.
तिच्यामागे पॉप्लरचं एकच उंच झाड.
ते त्यांच्या मनात भरलं.
शिल्पही उभंच हवं!

त्यांनी आकारावर आकार रचले.
ते टोटेम खांबांसारखे दिसू लागले, हे मूर यांनी स्वतः सांगितलं.
पुढे हे आकार ब्राँझमध्ये ओतले गेले.
कुठे हाडासारखा फुगवटा… कुठे खोल खाच.
चोच नाही, पंजा नाही.

लक्षात ठेवा, टोटेम खांबात घराणं आहे.
मूर यांच्या ब्राँझमध्ये फक्त आकार.
मला दोन्ही आवडतात. पण मूळ खांबांना नुसती ‘प्रेरणा’ म्हणणं मला अपुरं वाटतं.

मूर यांची अशी तीन शिल्पं नेदरलँड्समध्ये, क्रोलर-म्युलर संग्रहालयाच्या बागेत उभी आहेत.
त्यांचं छायाचित्र जरूर पाहा.
आणि शेजारी हैदा खांबाचंही ठेवा.