परक्या हातचें पाणी

वैशाखांतल्या भर दुपारीं रस्त्याच्या कडेला ओलें फडकें गुंडाळलेले दोन रांजण दिसले कीं वाटसरूचें पाऊल आपोआप थांबतें. पाणी कोणीं भरलें हें पिणाऱ्याला ठाऊक नसतें, आणि कोणीं प्यालें हें भरणाऱ्याला कधीं कळत नाहीं. पेला पालथा घालून वाटसरू आपल्या वाटेनें निघून जातो. महाराष्ट्रांत पाणपोईची ही चाल फार जुनी आहे.

अनोळखी माणसाच्या लहानशा उपकाराचें सारें मर्म या रांजणांत सांठविलेलें आहे. आगगाडीच्या डब्यांत थोडें सरकून दिलेली जागा, म्हाताऱ्याचें बोचकें उचलून फलाटावर ठेवणारा हात, पत्ता चुकलेल्या पाहुण्याला थेट दारापर्यंत नेणारा पोरगा, यांत कवडीचाहि खर्च नाहीं. मग त्याचें मोल इतकें कां वाटावें? कारण देणाऱ्यानें एक प्रश्न विचारलेला नसतो: 'तूं कोण?'

हा प्रश्न विचारला गेला म्हणजे पाणीहि किती महाग होतें, याला इतिहास साक्ष आहे. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं मंजूर झाला. तरीहि महाडच्या चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी पिण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारों अनुयायांसह चालून जावें लागलें, आणि त्यानंतर सनातन्यांनीं तळ्याचें 'शुद्धीकरण' केलें! हायकोर्टांत तो हक्क मान्य होण्यास १९३७ साल उजाडलें. हक्काची जागा दयेनें भरून निघत नाहीं, हें खरें. परंतु कायद्यानें तळें खुलें झालें तरी मन खुलें करण्याचें काम माणसाकडेच उरतें.

मुंबईनें २६ जुलै २००५ रोजीं याच्या अगदीं उलट चित्र पाहिलें. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकलगाड्या थांबल्या, आणि असंख्य माणसें कमरेइतक्या पाण्यांतून पायींच घराकडे निघालीं. रस्त्यालगतच्या चाळींतील व झोपड्यांतील लोकांनीं त्यांना चहा, बिस्किटें, पिण्याचें पाणी दिलें; हाताला धरून पार केलें; कित्येकांना रात्रीचा आसरा दिला. देणाऱ्यांपैकीं अनेकांच्या स्वतःच्या घरांत पाणी शिरलें होतें. आडनांव विचारण्यास त्या रात्रीं सवड कोणाला होती?

पण नेमकें येथेंच मन अडखळतें. पूर ओसरला, सवड मिळाली, आणि भाड्याची जागा मागावयास आलेल्याला त्याच शहरांत पुन्हां आडनांव विचारलें जाऊं लागलें. संकटांत प्रश्न आपोआप गळून पडतो. खरी कसोटी लागते ती सुखाच्या, सवडीच्या दिवशीं.

परक्याचा उपकार फेडतां येत नाहीं, कारण फेडावयास तो पुन्हां भेटतच नाहीं. ते ऋण पुढच्या अनोळखी माणसाच्या हातावरच ठेवावें लागतें. त्यासाठीं पुराची वाट पाहण्याचें कारण नाहीं. भर उन्हांत जिने चढून सामान पोंचवावयास आलेल्या माणसाला पाणी देतांना ज्या घरांत निराळा पेला शोधला जात नाहीं, त्या घरचा रांजण भरलेला आहे असें खुशाल समजावें.