वडिलांनी दिलेली काठी



गोल्फचा व्यवसाय फार काळ पुरुषांचाच मानला गेला. खेळाडू, शिक्षक, क्लबचे सभासद बहुधा पुरुषच. अशा क्षेत्रात अमेरिकेच्या रेनी पॉवेल यांनी उपजीविकाही केली व नावही मिळविले.

त्यांचे वडील विल्यम पॉवेल हे कृष्णवर्णीय. गोऱ्यांच्या मैदानांवर त्यांना मज्जाव होता. म्हणून त्यांनी ओहायो राज्यात स्वतः राबून मैदान तयार केले आणि १९४८ साली ते सर्वांना खुले केले. तीन वर्षांच्या रेनीच्या हाती त्यांनीच काठी दिली. १९६७ साली रेनी महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांत उतरल्या. प्रवासात हॉटेलांनी खोल्या नाकारल्या, धमकीची पत्रे आली. तरी त्यांनी खेळ सोडला नाही. पुढे वडिलांच्याच मैदानावर त्या मुख्य प्रशिक्षक झाल्या.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा प्रसिद्ध क्लब १७५४ सालचा. त्याने स्त्रियांना सभासद करण्याचा ठराव २०१४ साली केला व २०१५ साली रेनींना सन्माननीय सभासदत्व दिले. तोवर त्यांच्या कामाला अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती!

पालकहो, क्लब जागा होईपर्यंत त्या बापाने वाट पाहिली नाही. आपणही मुलींना विद्या व हुन्नर देताना कोणाच्या परवानगीसाठी थांबू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.