ताप आला की लगेच निघा

सिंदेवाहीचं एखादं मूल केमोसाठी, म्हणजे कॅन्सरच्या औषधोपचारासाठी, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जातं. पण औषधाचा त्रास बरेचदा घरी परतल्यावर सुरू होतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर रक्ताचा, म्हणजे ल्युकेमिया. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार २ ते ३ वर्षं चालतात. एवढा काळ बरीचशी काळजी आईबापांनाच घ्यावी लागते.

केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी १००.४ फॅरेनहाइट ताप ही तातडीची बाब आहे. कपाळाला हात लावून अंदाज करू नका, थर्मामीटर लावा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका. त्यानं ताप उतरलेला दिसतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. रात्र असो की धानाची रोवणी, निघायचंच. फाइल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रुग्णालयाचा नंबर एका पिशवीत भरून दाराजवळ टांगून ठेवा.

जेवण ताजं आणि गरम द्या, पाणी उकळून. शेजारी गोवर, कांजिण्या निघाल्या तर डॉक्टरांना लगेच कळवा.

आणि पोराशी खरं बोला. लहान मुलाला वाटतं, आपण काहीतरी चुकलो म्हणून सुया टोचतात. “बाबू, तुझी काही चूक नाही. सुई थोडी दुखेल, मी जवळच आहे,” असं सांगा. भावंडांनाही सांगा, हा आजार सोबत खेळल्यानं लागत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि रेल्वे तिकिटाची सवलत, या दोन्हींची चौकशी रुग्णालयात पहिल्याच फेरीत करा.