हसून झाल्यावर



या व्यासपीठावर जाणत्या माणसांची भाषणे होतात. आज आपण एका हमालांच्या संघटकाला सिनेमावर बोलायला उभे केले आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण घोटीच्या भातगिरणीच्या ओट्यावर, पोत्याला पाठ टेकून, जुनी वर्तमानपत्रे वाचता वाचता झाले. तेव्हा कलेची परिभाषा माझ्याकडून अपेक्षू नये. मी पाहिलेला एक चित्रपट आणि तो पाहून मला वाटलेली लाज, एवढेच मी सांगणार आहे.

चित्रपटाचे नाव 'देऊळ'. उमेश कुलकर्णी यांचे दिग्दर्शन आणि गिरीश कुलकर्णी यांचे लेखन असलेला हा चित्रपट नोव्हेंबर २०११ मध्ये पडद्यावर आला. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला, आणि गिरीश कुलकर्णींना अभिनयाचा व संवादाचाही मिळाला. पण आम्ही पाहिला तेव्हा पुरस्कार बिरस्कार काही नव्हते. आम्ही अकरा जण नाशिकला गेलो, ते नाना पाटेकर आहे म्हणून आणि खूप हसायला येते असे ऐकले म्हणून.

गोष्ट साधी आहे. मंगरूळ नावाचे गाव. केशा हा गाई राखणारा भोळा तरुण. हरवलेली गाय शोधता शोधता औदुंबराखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्ताचा दृष्टान्त होतो. पोराने आपला आनंद गावाला सांगितला, एवढाच त्याचा अपराध. त्याच गावात अण्णा नावाचे ज्येष्ठ गृहस्थ दवाखान्यासाठी खटपट करीत असतात. दिलीप प्रभावळकरांनी ते काम केले आहे. वर्तमानपत्रात बातमी छापून येते, तरुण मंडळी पेटतात, पुढारी भाऊ वारा कोणीकडचा आहे ते पाहतात, आणि देऊळ उभे राहते. मग दुकाने येतात, गर्दी येते, पैसा येतो. दवाखाना मात्र कागदावरच राहतो.

आम्ही किती हसलो म्हणून सांगू! ती माणसे आमचीच होती. तसे बोलणारे, तशी टोपी सरळ करणारे, तसाच शब्द फिरवणारे घोटीच्या बाजारात मी रोज पाहतो. घोटीवरून रामनवमीला मुंबईचे पदयात्री सिन्नरमार्गे शिर्डीला जातात. त्यांच्या पायांचे फोड मी पाहिले आहेत, त्यांना पाणी दिले आहे. त्यांच्या श्रद्धेला मी हसणार नाही, आणि तो चित्रपटही हसत नाही. केशाचा देव खरा आहे. त्या देवाच्या आडून जो तो आपला गाळा मिळवतो, हसे होते ते त्याचे.

मला चमत्कारिक वाटले ते असे, की या गोष्टीत खलनायकच नाही. आम्हा संघटनेच्या माणसांना समोर मालक लागतो. नोटीस कुणाला द्यायची, घोषणा कुणाच्या दारात द्यायच्या, हे आम्हाला पक्के ठाऊक असते. मंगरुळात नोटीस कुणाला देणार? प्रत्येकाचा वाटा चिमूटभर आहे, आणि चिमूटभर वाट्याचे पाप कुणालाच जड होत नाही.

पुढे माझ्या पुतणीने मला १९९८ चा 'वेकिंग नेड' हा आयर्लंडच्या खेड्यावरचा विनोदी चित्रपट दाखवला. संवाद तीच मराठीत सांगत होती. हिंदीतला २००६ चा 'मालामाल वीकली' त्याच कथेवरून निघाला. एका म्हाताऱ्याला लॉटरी लागते आणि त्या धक्क्याने तो मरतो. सबंध गाव एक होऊन तो जिवंत असल्याचे सोंग करते आणि बक्षीस वाटून घेते. एकीचे असे दर्शन पाहून मी टाळी वाजवणार होतो. पण एक तिरसट बाई जास्त वाटा मागते, नाहीतर फोन करून बिंग फोडीन म्हणते. शेवटी ती फोनच्या खोक्यासकट कड्यावरून समुद्रात जाते, आणि प्रेक्षक हसतात. मीही हसलो. मग गप्प झालो, कारण मला आमची एक सभा आठवली. तीच सभा मला 'देऊळ' पाहतानाही आठवली होती.

ही सभा 'देऊळ'च्या काही वर्षे आधीची. पोती वाहून हमालाची कंबर पन्नाशीच्या आत जाते. १९६९ चा माथाडी कायदा भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ देतो खरा, पण नाव नोंदलेले असेल त्यालाच. ज्यांची नोंद नव्हती त्यांच्यासाठी आम्ही औषधपाण्याची वर्गणी जमवली होती. सभेत कुणी म्हणाले, यातून ओट्याशेजारी एक छोटे देऊळ बांधू, व्यापारीही भर घालतील. सर्वांचे चेहरे खुलले. तेवढ्यात एक म्हातारा हमाल उठला आणि म्हणाला, "देवाला कंबर नाय रं, आपल्याला हाय."

सभा खो खो हसली. अध्यक्षस्थानी मी होतो. मीही हसलो. म्हातारा खाली बसला आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

पुढच्या पावसाळ्यात तोच म्हातारा ओल्या फळीवरून पोत्यासकट घसरला. त्याला जीपने नाशिकला नेला. पेटीत पैसे नव्हते. त्याच्या मुलाने कर्ज काढले. म्हाताऱ्याचे काम सुटले आणि तो गावी गेला.

'देऊळ'मध्ये अण्णा गाव सोडून निघतात, तेव्हा इतका वेळ हसणारे थिएटर एकदम शांत झाले. शेजारी बसलेल्या आमच्या दहा जणांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिले नाही. परतीची शेवटची एस.टी. चुकली. ट्रकमध्ये उभे राहून आलो, पण कुणी चित्रपटाची गोष्ट काढली नाही.

त्या आठवड्यात मी म्हाताऱ्याच्या गावी गेलो. चहा झाला. मी माफी मागायला सुरुवात केली तर तो म्हणाला, "समदे हसले त्याचं काय नाय. पर तू हसला व्हता, त्ये म्या पाह्यलं." त्यानंतर तो भाताच्या पिकाविषयी बोलत राहिला.

पुढच्या वर्षापासून आम्ही औषधाची पेटी वेगळी केली. तिला कुलपे दोन आहेत आणि ती सभेच्या ठरावानेही दुसऱ्या कामाला उघडत नाही. देऊळही तिथेच आहे. जाता येता मी हात जोडतो. पण म्हाताऱ्याची कंबर काही परत आली नाही.

मंडळी, आजवर मी हात वर करून मते मोजीत आलो. त्या चित्रपटाने मला शिकवले की सभेतला हशा हाही एक ठरावच असतो, आणि तो मोजल्यावाचून मंजूर होतो. असले चित्रपट जरूर पाहा आणि पोट धरून हसा. पण ग्रामसभेत, संस्थेत, घरातल्या पंगतीत एखाद्याच्या बोलण्यावर सगळे हसू लागतील, तेव्हा क्षणभर थांबून तो काय म्हणत होता ते पुन्हा एकदा विचारा. मी त्या दिवशी विचारले नाही. म्हणून आज आपल्यापुढे हे सांगितले.