शस्त्रक्रियेनंतरची राखण



दर वर्धापनदिनी येथे कोणी विदुषी बोलतात. मी सातवी शिकलेली. माझा वावर स्वयंपाकघर ते ओटा, फार तर बाजारापर्यंत. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "यांच्या दुखण्यात तुम्ही जे शिकलात ते सांगा. चार घरांना उपयोगी पडेल." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

२०२२ च्या श्रावणात यांच्या यकृतातील कर्करोगाची गाठ काढली. यांना पूर्वीपासून 'बी' प्रकारची कावीळ होती, ती कळली नाही आणि आत यकृत खराब करीत राहिली. शस्त्रक्रिया चांगली झाली. मी देवापुढे साखर ठेवली आणि सुटलो म्हणून श्वास टाकला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बाई, गाठ गेली, पण जमीन तीच आहे. या रोगात निम्म्याहून जास्त लोकांना पाच वर्षांत पुन्हा गाठ होते आणि पहिली दोन वर्षे जास्त धोक्याची. आता राखण करायची." दर तीन महिन्यांनी रक्त आणि सीटी स्कॅन, असे त्यांनी कागदावर लिहून दिले.

कार्तिकातला पहिला स्कॅन स्वच्छ आला. पुढचा माघात होता. त्याच वेळी मुलीच्या क्लासची फी भरायची होती. हे म्हणाले, "मला काही होत नाही. कोपऱ्यावर सोनोग्राफी करू, तीही पोटाचेच चित्र काढते." मलाही ते पटले. खरे सांगते, पटवून घेतले. सोनोग्राफीत काही निघाले नाही. आम्ही डॉक्टरांकडे न जाता पेढे आणले.

वैशाखात सीटी केला तेव्हा कापलेल्या कडेपासून थोड्या अंतरावर एक ठिपका दिसला.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारले, "सोनोग्राफीत का दिसले नाही?" ते रागावले नाहीत. कागदावर यकृत काढून समजावले, ते माझ्या भाषेत सांगते.

सोनोग्राफी आवाजाच्या लहरींनी पाहते. स्वस्त, बिनदुखी, किरणांचा त्रास नाही. पण बरगड्यांच्या आड, पोटातल्या वायूमागे तिला नीट दिसत नाही. यकृत आधीच खडबडीत झालेले असेल तर बारीक गाठ त्यात हरवते. शिवाय पाहणाऱ्याच्या हातावर पुष्कळ अवलंबून असते.

सीटीमध्ये शिरेतून औषध टोचतात. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळते. ही गाठ मात्र आपले रक्त बहुतेक धमनीतून ओढते. म्हणून औषध टोचल्यावर अर्ध्या मिनिटाच्या सुमारास गाठ आधी उजळते आणि पुढच्या काही मिनिटांत भोवतालच्या यकृतापेक्षा काळवंडते. या उजळण्या-काळवंडण्यावरून चोर ओळखतात. काम झटपट होते, छातीही त्याच वेळी पाहता येते. पण क्ष-किरण असतात आणि औषध मूत्रपिंडाला जड जाऊ शकते, म्हणून आधी रक्त तपासतात.

यांचा ठिपका उजळला, पण पुरता काळवंडला नाही. शस्त्रक्रियेनंतर रक्ताचा प्रवाह बदलतो, त्यानेही असे ठिपके उजळतात. म्हणून एमआरआय सांगितला. त्यातले एक खास औषध यकृताच्या चांगल्या पेशी शोषून घेतात. वीस मिनिटांनी सगळे यकृत उजळते आणि बहुतेक गाठी काळ्या राहतात. एक-दोन सेंटिमीटरच्या बारीक गाठी सीटीपेक्षा यात अधिक सापडतात. पण खर्च जास्त, वेळ जास्त, यंत्राचा धडधड आवाज, आणि सांगितले की श्वास रोखायचा. श्वास हलला की चित्र पुसटते. आदल्या रात्री मी यांना आकडे मोजून श्वास धरायला शिकवले. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधीच सांगावे लागते.

एमआरआयमध्ये ठिपका काळाच राहिला. चौदा मिलिमीटरची गाठ होती. रक्तातली एएफपी नावाची तपासणी तेव्हाही ठीकच होती, कारण कित्येकांच्या रक्तात ती वाढतच नाही. नुसत्या तिच्यावर विसंबलो असतो तर पुन्हा पेढेच आणले असते.

मी म्हटले, "मग सगळ्यात महागडा पेट स्कॅनच का नाही केला?" डॉक्टर हसले. पेट साखरेवर पाहतो. गाठ साखर खाते म्हणून चमकते. पण यकृताच्या कर्करोगाच्या कित्येक गाठी साखर धरून ठेवत नाहीत, त्या त्यात दिसतच नाहीत. रोग हाडात किंवा दुसरीकडे गेल्याची शंका असेल तेव्हा तो उपयोगी. महाग म्हणजे उत्तम, असे औषधपाण्यात नसते.

गाठ लहान होती, म्हणून पोट न उघडता सुई घालून उष्णतेने जाळली. माघात सीटी केला असता तर ती आणखी लहान सापडली असती का, हे कोणी सांगू शकत नाही. पण तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. चूक दवाखान्याची नव्हती, आमची होती.

म्हणून हात जोडून सांगते. डॉक्टरांनी एक तपासणी लिहिली असेल तर आपल्या मनाने दुसरी करू नका. पैशाची अडचण असेल तर ती त्यांनाच सांगा, लाजू नका. आम्ही पुढे सांगितली तेव्हा दवाखान्यातल्या समाजसेविकाबाईंनी वाट दाखवली. जुन्या फिल्मा आणि सीडी जपून ठेवा. नवे चित्र जुन्याशेजारी ठेवल्याशिवाय बदल कळत नाही. आणि घरात कोणाला 'बी' कावीळ असेल तर सर्वांचे रक्त तपासा, ज्यांना नसेल त्यांना लस द्या. आमची दोन्ही मुले तपासली, लस झाली.

आमच्या घरी आता कालनिर्णयावर संकष्टीशेजारी स्कॅनची तारीख लिहिलेली असते. दर वेळी पोटात गोळा येतो, पण तारीख चुकत नाही. आज मला येथे सोडून हे भाजी आणायला गेले आहेत. मेथी जून आणतील, पण मी काही बोलणार नाही.