एक मोसम, बावीस सामने
(महोत्सवानिमित्त युवकवर्गापुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगलसमयीं आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा याविषयीं आमच्या मनाची बरीच चलबिचल झाली. धर्मग्रामाचा इतिहास सांगणारे आमच्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावर आहेत. श्रद्धेचें विवरण करणें हें तर धर्मगुरूंचेंच काम. आमच्या वांट्यास युवक आले आहेत, व युवकांशीं खेळाच्या भाषेंत बोलावें हें आम्हांस सोपें वाटतें. म्हणून आज आम्ही फुटबॉलच्या एका मोसमाची हकीकत सांगणार आहों. तो मोसम म्हणजे २००४-०५ सालची राष्ट्रीय फुटबॉल लीग, आणि तो जिंकणारा संघ म्हणजे गोव्याचा डेम्पो स्पोर्ट्स क्लब.

कोणी म्हणेल, धाराशिवास फुटबॉलचें काय प्रयोजन? आपला जिल्हा तालमींचा, कबड्डीचा आणि विशेषेंकरून खो-खोचा. या जिल्ह्याची कन्या सारिका काळे हिला खो-खोसाठीं २०२० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला, हें आपण सर्व जाणतांच. तरीपण फुटबॉल आपणांस अगदींच परका आहे, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यांत होता, आणि त्याच काळीं हैदराबादच्या पोलिसांचा संघ हिंदुस्थानांत अजिंक्य मानला जात होता. त्यानें १९५० पासून १९५४ पर्यंत मुंबईचा रोव्हर्स चषक लागोपाठ पांच वेळां जिंकला. त्या संघाचे गुरु सय्यद अब्दुल रहीम यांच्याच मार्गदर्शनाखालीं भारतानें १९५१ व १९६२ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकांत चौथें स्थान पटकाविलें. तेव्हां ज्या राज्याचे आपले आजे-पणजे रहिवासी होते, त्याच राज्याच्या राजधानींत भारतीय फुटबॉलचें वैभव एकदां नांदलें, एवढें तरी युवकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां लीग म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्याकरितां थोडक्यांत सांगतों. चषकाच्या सामन्यांत जो हरला तो बाहेर पडला; एका दुपारींच सर्व निकाल. लीगमध्यें तसें नसतें. २००४-०५ च्या लीगमध्यें बारा संघ होते. प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें, एकदां स्वतःच्या मैदानावर व एकदां त्याच्या; म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास बावीस सामने. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास शून्य. महिन्यांमागून महिने जातात, खेळाडू जायबंदी होतात, रात्रंदिवस आगगाडीचा प्रवास घडतो, आणि अखेर ज्याच्या पदरीं गुण अधिक तो विजेता. शेतकऱ्याच्या पोरास हें समजाविण्याची गरजच नाहीं. एक पाऊस चांगला पडला म्हणून पीक हातीं येत नाहीं, आणि एक पाऊस चुकला म्हणून हंगाम बुडतहि नाहीं. पेरणीपासून खळ्यापर्यंत जो टिकला त्याचेंच धान्य कणगींत पडतें. आपल्या पर्जन्यछायेच्या मुलुखांत ही गोष्ट कोणास शिकवावी लागत नाहीं.

गोमंतकांत फुटबॉल आला तो एका धर्मगुरूच्या हातून. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनीं १८८३ च्या सुमारास शिवोलीस मुलांना हा खेळ शिकविला, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. पुढें गांवोगांवच्या चर्चच्या पटांगणांवर, व भात कापून झाल्यावर रिकाम्या खाचरांत, मुलें चेंडू खेळूं लागलीं, आणि हा खेळ त्या भूमीचा झाला. पणजीचा डेम्पो क्लब त्याच परंपरेंतला. त्याचे आश्रयदाते डेम्पो हें जुनें हिंदु व्यापारी घराणें. 'नवप्रभा' हें गोव्यांतील मराठी दैनिकहि त्यांच्याच समूहाचें. संघाचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो हे गोमंतकीयच. संघांत समीर नाईकहि होते व क्लिफर्ड मिरांडाहि होते. देवालयाचा घंटानाद ऐकून वाढलेला व चर्चची घंटा ऐकून वाढलेला असे दोघे एकाच रंगाचा सदरा घालून एकमेकांकडे चेंडू देत होते. आणि त्यांत कोणास कांहीं विशेष वाटत नव्हतें, हेंच त्यांतील विशेष होतें.

या संघानें तोपर्यंत राष्ट्रीय लीग एकदांहि जिंकली नव्हती. २००४ सालीं त्यांनीं एक ब्राझिलियन खेळाडू आणला. क्रिस्तियानो ज्युनियर हें त्याचें नांव. वय अवघें पंचवीस. आदल्या मोसमांत तो कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला होता, आणि त्या संघाच्या विजयांत पंधरा गोल करून लीगमध्यें अग्रेसर ठरला होता. असा मोहरा हातीं आल्यावर डेम्पोच्या लोकांनीं मोठ्या आशा धरल्या असल्यास नवल नाहीं.

त्या वर्षाचा डिसेंबर आपल्यांतील कित्येकांच्या स्मरणांत असेल. जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचें दर्शन दहा वर्षांनीं खुलें झालें होतें. २१ नोव्हेंबर २००४ पासून २ जानेवारी २००५ पर्यंत तेथें यात्रेकरूंची रीघ लागली होती. तीन डिसेंबरला संतांचा सण झाला. त्यानंतर दोन दिवसांनीं, रविवार दिनांक ५ रोजीं, बंगलोरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. एका बाजूस डेम्पो, दुसऱ्या बाजूस मोहनबागान. ज्युनियरनें एक गोल केला. उत्तरार्धांत त्यानें दुसरा केला. परंतु तो गोल करीत असतांनाच त्याची व समोर धांवून आलेल्या गोलरक्षकाची टक्कर झाली. चेंडू जाळ्यांत गेला, आणि ज्युनियर जमिनीवर पडला तो पुन्हा उठला नाहीं. त्यास इस्पितळांत नेलें. तेथें डॉक्टरांनीं तो मरण पावल्याचें सांगितलें. डेम्पोनें तो सामना दोन शून्यानें जिंकला. चषक मिळाला, पण मिरवणुकीस कोणाचे पाय उचलणार? ज्या भूमींत यात्रेची गर्दी लोटली होती, तींतच ही वार्ता घरोघरीं पोंचली.

त्या गोलरक्षकाविषयीं एक शब्द बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. त्याचें नांव आम्ही येथें घेत नाहीं. तोहि एक कोवळा तरुणच होता. त्याच्यावर लोकांचा फार रोष झाला, कांहीं काळ त्यास खेळण्याची मनाईहि झाली. परंतु धांवत्या खेळांत अर्ध्या क्षणांत घडणाऱ्या गोष्टीस कोणी हेतु चिकटवूं नये. पुढें त्याच तरुणानें वर्षानुवर्षें भारताचें गोलद्वार राखिलें, आणि देशानें त्याचा सन्मान केला. त्या दिवशीं सर्वांनीं त्यास कायमचें टाकून दिलें असतें, तर एका मृत्यूबरोबर दुसराहि एक जीव वायां गेला असता. क्षमेवर आपण पुष्कळ प्रवचनें ऐकतों. तिचा हिशेब असा मैदानावरहि मांडतां येतो.

आतां मुख्य गोष्ट. चषकाचा सामना संपला होता, पण लीगचा मोसम पुढें उभा होता. ज्याच्यावर सारी भिस्त, तोच गेलेला. अशा वेळीं दोन मार्ग असतात. एक, दैवास बोल लावून हातपाय गाळणें. आणि त्यांस कोणी दोषहि दिला नसता. दुसरा, उद्यां सकाळीं सरावास मैदानावर येणें. डेम्पोचे खेळाडू सरावास आले. ज्युनियरचा दहा क्रमांकाचा सदरा क्लबानें कायमचा काढून ठेवला. तो पुन्हा कोणास द्यावयाचा नाहीं, असें ठरविलें. गोल करण्याचा भार नायजेरियाहून आलेल्या तरुण रँटी मार्टिन्सनें व इतरांनीं उचलला. एका सामन्यांत तीन गुण, एकांत एक, एकांत कांहींच नाहीं, असें करीत करीत मोसम पुढें सरकला.

स्पर्धा तरी किती अटीतटीची! प्रतिस्पर्धी बाहेरचा नव्हता, घरचाच होता. स्पोर्टिंग क्लब द गोवा हा संघहि त्या वर्षीं मोठ्या जोमांत होता. त्यांचा डुडू ओमागबेमी यानें एकट्यानें एकवीस गोल केले. बावीस सामन्यांच्या अंतीं स्पोर्टिंगचे पंचेचाळीस गुण झाले, आणि डेम्पोचे सत्तेचाळीस. फरक दोन गुणांचा. म्हणजे एका विजयाच्या मोलाहूनहि कमी. युवकांनीं या दोन गुणांचा विचार करावा. सर्वाधिक गोल करणारा मोहरा ज्याच्याकडे होता तो संघ दुसरा आला, आणि ज्याचा मोहरा हरपला होता तो पहिला आला. मोसमांतील एखाद्या कंटाळवाण्या दुपारीं, कोणी पाहावयास नसतांना, कोणी एक खेळाडू शेवटच्या मिनिटापर्यंत धांवला असेल. त्याच्या त्या धांवण्यांत हे दोन गुण दडलेले होते. एका दुपारीं शौर्य पुष्कळांस साधतें; बावीस दुपारीं तें टिकविणें थोड्यांस साधतें.

तें यश त्या एका वर्षापुरतें राहिलें नाहीं. कुलासो यांच्या हाताखालीं डेम्पोनें २००७, २००८, २०१० व २०१२ या सालींहि राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. पुढें उतारहि आला. २०१६ सालीं राष्ट्रीय स्पर्धांच्या नव्या रचनेशीं मतभेद होऊन हा क्लब इतर दोन गोमंतकीय क्लबांसह आय-लीगमधून बाहेर पडला, आणि २०२४ सालीं खालच्या पायरीवरून खेळत पुन्हा तींत आला. यश आणि उतार हे कोणत्याहि दीर्घ आयुष्याचे भागच आहेत.

बंधूंनो, उद्यां सकाळीं पुन्हा उठून कामास लागणें म्हणजे काय, हें आपल्या जिल्ह्यास वेगळें सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीकडील भूमि हादरली, आणि आपल्या जिल्ह्यांतील उमरगा-लोहारा भागांतलीं सास्तूरसारखीं गांवें क्षणांत दगडमातीचा ढीग झालीं. आदल्या दिवशीं लोकांनीं गणपति विसर्जन केले होते. त्या गांवांच्या शेतांत रब्बीची पेरणी पुन्हा झाली. ज्या हातांनीं आपलीं माणसें मातीस दिलीं, त्याच हातांनीं तिफण धरली. खेळाडूंचें दुःख त्या दुःखाशीं तोलावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोहींकडे मनुष्याची जात एकच दिसून येते.

परंतु धैर्याची वाखाणणी करून येथेंच थांबलों, तर आमचें बोलणें अर्धवट राहील. ज्युनियर पडला तेव्हां मैदानावर तात्काळ उपचारांची पुरेशी सोय नव्हती, अशी टीका त्या वेळीं देशभर झाली. ती सोय असती तर तो वांचलाच असता, असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण दुसरें एक उदाहरण पाहा. १२ जून २०२१ रोजीं कोपनहेगन येथें डेन्मार्कचा खेळाडू क्रिस्तियान एरिकसन खेळतां खेळतां असाच कोसळला. त्याचें हृदय थांबलें. तेथें शिकलेलीं माणसें लगेच धांवलीं, त्यांनीं त्याची छाती दाबण्यास आरंभ केला, आणि हृदयास विजेचा झटका देणारें यंत्र वापरलें. तो वांचला, व पुढच्याच वर्षीं पुन्हा मैदानांत उतरला. हृदय थांबल्यावर घड्याळाचा प्रत्येक मिनिट मोलाचा असतो. त्या वेळीं मोठ्या इस्पितळाची थोरवी उपयोगीं पडत नाहीं. जवळ उभ्या असलेल्या मनुष्याचे दोन हात उपयोगीं पडतात.

ही विद्या कठीण नाहीं. मनुष्य हांकेस ओ देत नसेल व त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर एकानें लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेस कळवावें. दुसऱ्यानें पडलेल्यास पाठीवर निजवून, छातीच्या मध्यभागीं तळहातावर तळहात ठेवून, कोपर न वांकवितां दाबावें. प्रौढ मनुष्याची छाती सुमारें पांच सेंटिमीटर खालीं गेली पाहिजे, दर वेळीं ती पूर्ण वर येऊं दिली पाहिजे, आणि मिनिटास शंभर ते एकशेंवीस दाब पडले पाहिजेत. थकल्यास दुसऱ्यानें पुढें यावें, पण मदत येईपर्यंत थांबूं नये. हें ऐकून भागत नाहीं, जाणत्याच्या देखरेखीखालीं हातांनीं शिकावें लागतें. पण एका दुपारींत शिकतां येतें.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें आमची एकच विनंति आहे. स्मारकें पुष्कळ उभारलीं जातात. शिळा, कमानी, फलक. त्यांबरोबर एक जिवंत स्मारकहि आपण उभारूं या. आपल्या पटांगणावर पुढील सामना होण्यापूर्वीं, प्रत्येक संघांतील निदान दोघांनीं ही विद्या शिकून घ्यावी. आपल्यांत परिचारिकेचें काम करणाऱ्या भगिनी आहेत. त्यांनीं शिकविण्याचें मनावर घ्यावें. पंचाची शिट्टी व चेंडूंत हवा भरण्याचा पंप जसा आपण विसरत नाहीं, तशीच औषधांची पेटीहि विसरूं नये. कडक उन्हाच्या दुपारीं सामने ठेवूं नयेत. आणि कोणा मुलाच्या छातींत दुखूं लागलें, वा त्यास घेरी आली, तर त्यास भित्रा न म्हणतां बाहेर बसवावें व डॉक्टरांस दाखवावें.

पणजीच्या त्या क्लबानें दहा क्रमांकाचा सदरा काढून ठेवला. आपल्या पटांगणावरून खेळावयास गेलेला प्रत्येक मुलगा संध्याकाळीं आपला सदरा घामानें भिजवून घरीं परत यावा, आणि त्याच्या आईनें तो कुरकुर करीत धुवावा, यापरतें मोठें पारितोषिक आम्हांस ठाऊक नाहीं. परमेश्वर आपल्या युवकांस दीर्घ मोसम देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.