मुदतीचा ताप आणि शाळेचे हजेरीपत्रक

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



मुलांच्या तापाला आपल्याकडे नावे पुष्कळ आहेत. थंडीताप आहे, पाळीचा ताप आहे. आणि या सर्वांत अधिक फसवे नाव म्हणजे मुदतीचा ताप. वैद्यकात ज्याला विषमज्वर अथवा टायफॉइड म्हणतात, त्याचे हे घरगुती नाव होय. हा ताप तीन आठवड्यांची मुदत घेऊन येतो व मुदत भरली की आपण होऊन उतरतो, अशी समजूत त्या नावातच साठलेली आहे. ती अगदीच निराधार होती असे नाही. १९४८ पूर्वी या रोगावर खात्रीचे असे औषधच नव्हते. शुश्रूषा करावी आणि दिवस मोजावेत, एवढेच डॉक्टरांच्या हाती असे. त्या वर्षी क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध या तापावर लागू पडते असे दिसून आले आणि मुदत मोडली. पुढे रोगजंतू त्या औषधाला जुमानीनासे झाले व त्याची जागा दुसऱ्या औषधांनी घेतली. नाव मात्र राहिले, आणि नावाबरोबर वाट पाहण्याची सवयही राहिली.

ही सवय महागात पडते. विषमज्वराचे जंतू दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातात आणि लहान आतड्याच्या भित्तीत ठाण मांडतात. तेथे हळूहळू व्रण पडतात. उपचार न झाल्यास साधारणतः तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्या व्रणांतून रक्तस्राव होण्याचा अथवा आतड्याला भोक पडण्याचा संभव असतो. ज्या आठवड्याच्या अखेरीकडे घरची माणसे आशेने डोळे लावून बसलेली असतात, तोच आठवडा मुलाच्या जिवावर बेततो.

आता यात शिक्षकाचा संबंध कोठे येतो? तापाचे दिवस मोजण्यात. हा ताप एकदम भडकत नाही. पहिल्या आठवड्यात तो पायरीपायरीने चढतो. सकाळी थोडा उतरतो, सायंकाळी पुन्हा वाढतो. सकाळी अंग निवलेले दिसले की आई म्हणते, ‘आज बरे आहे,’ आणि मुलाला शाळेत धाडते. दुपारी ते बाकावर डोके टेकून पडते. दुसऱ्या दिवशी गैरहजर, तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. दवाखान्यात विचारले असता घरची माणसे सांगतात, ‘झाले असतील चार-पाच दिवस.’ हजेरीपत्रक उघडावे तो अकरावा दिवस निघतो. लबाडी कोणीच केलेली नसते. शेतीची कामे, धाकटी भावंडे आणि मजुरी यांच्या धबडग्यात दिवसांचा हिशेब राहत नाही, इतकेच. शाळेत तो हिशेब रोज लिहिला जातो. गैरहजेरीच्या खुणेशेजारी ‘ताप’ एवढा एक शब्द लिहून ठेवला, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

काखेत तापमापक लावून मुलाचे अंग ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक भरले, तर तो ताप समजावा. हाताच्या स्पर्शावर विसंबू नये. तीन दिवसांत ताप हटला नाही तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यास पालकांना सांगावे. सात दिवसांहून अधिक काळ रोज ताप येत असेल, तर रुग्णालयात नीट तपासणी झालीच पाहिजे. मात्र झटका आला, मान ताठरली, मूल गुंगीत गेले, पाणीही पोटात ठरेना, श्वास जलद चालू लागला, अंगावर रक्ताळ ठिपके उठले, लघवी थांबली, किंवा पोट फुगून कठीण झाले व फार दुखू लागले, तर दिवस मोजीत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

लांबलेला प्रत्येक ताप विषमज्वरच असतो असे नाही. हिवताप असू शकेल. मुलांमध्ये तो पाळी धरून येईलच असा नेम नाही, म्हणून रक्त तपासावे लागते. दोन आठवड्यांहून अधिक काळ अंग कसकसते, वजन घटते, खोकला हटत नाही, अशा मुलाची क्षयासाठी तपासणी व्हावी. मुलींच्या बाबतीत मूत्रमार्गाचा विकार पुष्कळदा ध्यानात येत नाही. डेंग्यूची तर तऱ्हाच उलटी: ताप उतरू लागतो तेव्हाच प्रकृती ढासळण्याची भीती असते. म्हणून रोगाचे नाव शिक्षकाने ठरवू नये, आणि दुकानदाराने तर नाहीच नाही. दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या पोटात गेल्या, की रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी फसण्याचा संभव असतो; आणि विषमज्वराची तीच भरवशाची तपासणी आहे. एकट्या विडाल तपासणीवरून केलेले निदान पुष्कळदा चुकते.

घरी काय करावे, हेही पालक शिक्षकालाच विचारतात. ताप उतरविण्यास पॅरासिटामॉल पुरेसे आहे. मात्रा वजनावर ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये निदान चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसातून चारापेक्षा अधिक वेळा नाही. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये. घोंगडीत गुंडाळून घाम काढण्याची चाल सोडावी. लंघनाची रूढी तर अधिक घातक. तापात शरीराची झीज होत असताना अन्न तोडणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पेज, मऊ भात, वरण, दूध, केळे, जे मूल खाईल ते थोडे थोडे द्यावे, आणि पाणी उकळून गार केलेले, वारंवार.

विषमज्वराला प्रतिबंधक लसही आहे. हैदराबादेत तयार झालेल्या एका संयुग्मित लसीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली, आणि २०१८ मध्ये नवी मुंबईत महानगरपालिकेने एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. तथापि लस आली म्हणून शाळेच्या टाकीकडे दुर्लक्ष करून चालावयाचे नाही.

औषध लागू पडल्यावर ताप साधारणतः तीन ते पाच दिवसांत उतरतो, आणि येथेच घरचे लोक औषध बंद करतात. सांगितलेले दिवस पुरे केले नाहीत तर रोग उलटण्याची भीती वाढते. मूल शाळेत परतल्यावर शिक्षकाने औषध पुरे झाले की नाही, हे आपुलकीने विचारावे. शौचाहून आल्यावर व शालेय पोषण आहारापूर्वी ते साबणाने हात धुते ना, इकडे लक्ष द्यावे. अशा मुलाचे केस काही आठवडे गळतात. वर्गातील पोरे त्यावरून चिडवितात, ते थांबवावे. कवायतीच्या तासाला त्याला महिनाभर सावलीत बसू द्यावे, आणि बुडालेले धडे एकदम अंगावर न घालता रोज एक याप्रमाणे भरून काढावेत.